घरच्या प्रिंटरवर फोटो : वाचकांचे प्रश्न

शाईच्या टाक्यांचे इंकजेट प्रिंटर घरोघरी आले ते मुलांच्या प्रोजेक्टसाठी आणि आधार कार्डाच्या प्रतींसाठी. फोटो पेपरचं पाकीट नंतर येतं, आणि त्याच्या मागोमाग तक्रारी. अशा पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. प्रश्नांतली प्रिंटरची नावं आम्ही काढून टाकली, कारण बहुतेक ठिकाणी दोष यंत्राचा नव्हताच.

दुकानातून १८० जीएसएमचा (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचा) ग्लॉसी फोटो पेपर आणला. चार बाटल्यांच्या प्रिंटरवर छापला तर रंग मातकट आले, आणि अर्ध्या तासानंतरही बोट लावलं की काळा पुसला जातो. प्रिंटर परत करावा का?
— एक वाचक, नाशिक

परत करू नका. आधी कागदाची बाजू पाहा. फोटो पेपरला बहुधा एकाच बाजूला शाई शोषणारा लेप असतो. अंगठा आणि तर्जनी किंचित ओलसर करून कागदाचा कोपरा चिमटीत धरा. जी बाजू बोटाला चिकटते ती छपाईची. कागद उलटा गेला असेल तर शाईला मुरायला जागाच मिळत नाही आणि ती थेंबाथेंबाने वर बसून राहते.

बाजू बरोबर असेल तर दोष जवळजवळ नक्कीच सेटिंगचा आहे. प्रिंटची खिडकी उघडल्यावर ‘प्रेफरन्सेस’मध्ये जा. तिथे ‘पेपर टाइप’ किंवा ‘मीडिया टाइप’ असा रकाना असतो आणि त्यात मुळात ‘प्लेन पेपर’ निवडलेलं असतं. हा रकाना नुसती माहिती म्हणून ठेवलेला नाही. शाई किती सोडायची, एका पट्ट्यावरून शाई फवारणारं हेड किती वेळा फिरवायचं, काळा कुठल्या बाटलीतून घ्यायचा, हे सगळं प्रिंटर त्यावरून ठरवतो. ‘प्लेन पेपर’ ठेवून ग्लॉसीवर छापलं तर रंगांचं गणित साध्या कागदाचं लागतं, म्हणून मातकटपणा येतो. त्यात काळी शाई पिगमेंटची, म्हणजे बारीक रंगकणांची, असेल तर ती चकचकीत लेपात शिरत नाही, पृष्ठभागावर काजळीसारखी बसते आणि बोटाला लागते. तुमची दोन्ही लक्षणं याच एका चुकीची आहेत.

आता काय निवडायचं? कागद प्रिंटरच्याच कंपनीचा असेल तर पाकिटावरचं नाव यादीत सापडेल. दुसऱ्या कंपनीचा असेल तर कागदाची पाठ चाचपून पाहा. पाठ साध्या कागदासारखी लागली तर तो कास्ट-कोटेड कागद. १३० ते २३० जीएसएमची स्वस्त पाकिटं बहुधा याच जातीची. त्याला साधं ‘फोटो पेपर ग्लॉसी’ निवडा. पाठ गुळगुळीत, प्लॅस्टिकसारखी लागली तर तो रेझिन-कोटेड, म्हणजे आरसी कागद, बहुधा २६० जीएसएमच्या आसपासचा. त्याला ‘प्रीमियम ग्लॉसी’ चालतं. हा कागद जास्त शाई पेलतो, त्यामुळे काळा गडद आणि त्वचेचा रंग भरीव येतो. जीएसएमचा आकडा वजनाचा आहे, लेपाचा नाही. २३० जीएसएमचा सुमार कागद असतो आणि २०० जीएसएमचा उत्तमही असतो.

क्वालिटी ‘हाय’ ठेवा. पाकीट नवीन असेल तर एकच फोटो लहान करून एका ए-४ वर दोनदा छापा: अर्ध्या कागदावर एका सेटिंगने, मग कागद फिरवून उरलेल्या अर्ध्यावर दुसऱ्या सेटिंगने. दोन्ही शेजारी ठेवून जे बरं दिसेल ते पाकिटावरच पेनाने लिहून ठेवा. मोबाइलमधून थेट छापताना हा रकाना पुष्कळदा दिसतच नाही. तेव्हा प्रिंटर कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप वापरा, नाहीतर सरळ कॉम्प्युटरवर बसा.

साध्या कागदावर माझा काळा कोळशासारखा गडद येतो. तोच फोटो पेपरवर तपकिरी, कधी हिरवट दिसतो. सेटिंग बरोबर आहे. शाई खराब झाली का?
— एक वाचक, पुणे

शाई चांगली आहे, फक्त ती बाटली इथे वापरलीच जात नाही. कॅनन आणि एचपीच्या बऱ्याच चार रंगांच्या टाकीवाल्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि बाकी तीन डाय असतात. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, पिगमेंट म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक रंगकण. अक्षरं ठसठशीत यावीत म्हणून काळी पिगमेंट दिलेली असते. पण ती ग्लॉसी लेपात मुरत नाही. म्हणून फोटो पेपर निवडला की प्रिंटर काळी बाटली बाजूला ठेवतो आणि निळा, गुलाबी, पिवळा एकत्र करून काळा बनवतो. त्या तिघांचा तोल जरा ढळला की तपकिरी किंवा हिरवट झाक येते.

आपल्या प्रिंटरची काळी शाई कोणती हे घरी ओळखता येतं. साध्या कागदावर काळा मजकूर छापा, तासभर वाळू द्या आणि वर पाण्याचा थेंब ठेवा. अक्षरं फुटून पसरली तर डाय, जशीच्या तशी राहिली तर पिगमेंट.

‘प्लेन पेपर’ लावून काळी बाटली जबरदस्तीने वापरायचा मोह होईल. त्याचा परिणाम नाशिकच्या पत्रात आलाच आहे. चांगला आरसी कागद आणि ‘हाय’ क्वालिटी, या दोन गोष्टींनी हा तीन रंगांचा काळा बराच सुधारतो, पण कोळसा होत नाही. फोटोच छापायचे म्हणून नवा प्रिंटर घेणार असाल तर सहा रंगांचा पाहा. एप्सनच्या एल ८०५ आणि एल ८०५० मध्ये नेहमीच्या चार शायांबरोबर फिका निळा आणि फिका गुलाबी असतो, त्यामुळे गालावर, आकाशात ठिपके दिसत नाहीत. कॅननच्या जी ५७० मध्ये लाल आणि करडी शाई जास्तीची आहे. ऑफिसची कागदपत्रंच जास्त निघत असतील तर मात्र या प्रिंटरांवर पैसे घालू नका.

लॅपटॉपवर फोटो झगझगीत दिसतो, छापला की अंधारलेला. लग्नातली राणी रंगाची पैठणी तर पार विटकी आली. रंग वाढवून पाहिले, चेहरे लाल झाले.
— एक वाचक, ठाणे

पडदा स्वतः उजेड फेकतो, कागद खोलीतला उजेड परत करतो. लॅपटॉपची ब्राइटनेस पूर्ण असेल तर कुठलाही प्रिंट त्यापुढे काळवंडलेलाच दिसेल. म्हणून आधी पडदा कागदाच्या पातळीला आणा. कोरं पांढरं पान पडद्यावर उघडा, शेजारी फोटो पेपरचा कोरा तुकडा धरा, आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मोजायचं यंत्र असेल तर चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला. संध्याकाळी पडदा आपोआप पिवळा करणारी ‘नाइट लाइट’ची सोय बंद ठेवा. एवढं केल्यावर फोटो पुन्हा पाहा. तो आता पडद्यावरही अंधारलेला दिसेल, आणि नेमका तिथेच दुरुस्त करता येईल. फक्त मधल्या छटा उचला. सगळा फोटो एकसारखा उजळलात तर पांढऱ्या शर्टाच्या घड्या उडून जातात.

चेहरे लाल होण्याचं कारण वेगळं असू शकतं: एकाच फोटोवर दोघांनी रंग चढवणं. फोटोशॉपसारखा प्रोग्राम कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात याची फाइल) लावून रंग बदलतो, आणि मग प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधला प्रिंटर चालवणारा प्रोग्रामही, आपल्या परीने बदलतो. हे काम एकालाच द्या. कागद कंपनीने तुमच्या प्रिंटरसाठी असं प्रोफाइल (त्याला आयसीसी प्रोफाइल म्हणतात) दिलं असेल तर ते प्रोग्राममध्ये लावा आणि ड्रायव्हरमध्ये रंगदुरुस्ती ‘ऑफ’ किंवा ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’ करा. प्रोफाइल नसेल तर उलट करा: प्रोग्रामला सांगा की रंग प्रिंटर सांभाळेल. फोटो एसआरजीबी या रंगव्यवस्थेत असू द्या. आयफोनचे फोटो बहुधा डिस्प्ले पी-३ या दुसऱ्या रंगव्यवस्थेत असतात. ज्या प्रोग्रामला ते कळत नाही त्यातून ते फिके निघतात. ‘छपाईचा फोटो म्हणजे सीएमवायके (छपाईच्या चार शायांची रंगव्यवस्था)’ हा सल्ला ऑफसेट प्रेसचा आहे. घरच्या इंकजेटचा ड्रायव्हर आरजीबीच, म्हणजे पडद्याचे लाल-हिरवा-निळा, मागतो. त्याला सीएमवायके देऊन फायदा काही नाही, रंग मात्र जातात.

पैठणीचं म्हणाल तर थोडी निराशा पत्करावी लागेल. राणी रंग, गुलालाचा गुलाबी, झेंडूचा केशरी असे तापलेले रंग पडदा दाखवू शकतो, चार शाया कागदावर उतरवू शकत नाहीत. सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवलं की तो रंग आहे तिथेच राहतो, पदरावरचे मोर सपाट होतात आणि शेजारचे चेहरे भाजल्यासारखे लाल होतात. उलट त्या रंगाचं सॅच्युरेशन जरा कमी करून पाहा. रंग थोडा नरमेल, पण जरीकाम आणि घड्या दिसतील.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो ए-४ आकारात छापला तर धुरकट आला. प्रिंटरवर ५७६० डीपीआय (इंचाला ठिपके) लिहिलं आहे, मग असं का?
— एक वाचक, लातूर

५७६० बाय १४४० हा आकडा प्रिंटर शाईचे थेंब किती जवळ टाकू शकतो याचा आहे. एक रंगछटा तयार करायला असे अनेक थेंब लागतात. फोटोत मुळात माहिती किती आहे, हे पिक्सेल सांगतात. हातात धरून पाहायच्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल उत्तम, २०० पर्यंत चालून जातं. म्हणजे ४ बाय ६ इंचाला १२०० × १८००, ५ बाय ७ ला १५०० × २१००, आणि पूर्ण ए-४ ला २४८० × ३५०८ पिक्सेल हवेत.

व्हॉट्सअ‍ॅप नेहमीच्या प्रतीत फोटो पाठवताना लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. ६ इंचांत ते इंचाला २६७ पडतात, फोटो छान येतो. ७ इंचांत २२९, तरी बरं. ए-४ च्या ११.६९ इंचांत मात्र १३७. पिक्सेल तेवढेच, लांबी जवळजवळ दुप्पट, म्हणून धूर. ज्यांनी फोटो काढला त्यांना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, मूळ फाइल न दाबता येते. ते शक्य नसेल तर ५ बाय ७ छापून भोवती रुंद पांढरी कड सोडा. फ्रेममध्ये ते ताणलेल्या ए-४ पेक्षा कितीतरी चांगलं दिसतं.

जाता जाता: मोबाइलचा फोटो ४:३ चा असतो आणि ४ बाय ६ चा कागद ३:२ चा. ६ इंच रुंदीला तुमचा फोटो साडेचार इंच उंच होतो, म्हणजे अर्धा इंच कुठून तरी जाणारच. तो मागच्या रांगेतल्या काकांच्या डोक्यावरून जाऊ नये म्हणून क्रॉप आधी स्वतः करा, प्रिंटरवर सोडू नका.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दीड महिना प्रिंटर बंद होता. आता फोटोवर आडव्या पांढऱ्या रेघा येतात. हेड क्लीनिंग आठ-दहा वेळा केलं, रेघा वाढल्या आणि शाई निम्मी झाली.
— एक वाचक, चंद्रपूर

आता थांबा. क्लीनिंग म्हणजे हेडमधून शाई जोराने ओढून टाकणं. ती शाई प्रिंटरच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते. तो पॅड भरला की त्याचा काउंटर प्रिंटर बंद पाडतो आणि दुरुस्तीवाल्याकडे जावं लागतं. शिवाय लागोपाठ ओढल्याने हेडमध्ये हवेचे बुडबुडे शिरतात. रेघा वाढल्या त्या बहुधा त्यामुळे.

क्रम असा ठेवा. साध्या कागदावर ‘नोझल चेक’ छापा. चार रंगांच्या जाळ्या येतील. जिथे रेघ तुटली आहे तिथली नोझल, म्हणजे हेडवरचं शाईचं बारीक छिद्र, बंद आहे. एकदा क्लीनिंग करा, पुन्हा नोझल चेक. अशा जास्तीत जास्त तीन फेऱ्या. तुटलेल्या जागा दर वेळी बदलत असतील तर दोष हवेचा आहे, सुकलेल्या शाईचा नाही. तिथे आणखी क्लीनिंग करून उपयोग नाही. तीन फेऱ्यांनंतर प्रिंटर बटणाने बंद करून १२ तास तसाच ठेवा. बुडबुडे वर चढतात, सुकलेली शाई ओल धरते. दुसऱ्या दिवशी एकच फेरी करा. पुष्कळदा इथेच काम होतं. तरीही नाही, तर ‘पॉवर क्लीनिंग’, म्हणजे जास्त जोराचं क्लीनिंग. ते करण्याआधी प्रत्येक टाकी किमान एक तृतीयांश भरलेली हवी, नाहीतर नळ्यांत हवा ओढली जाते. त्यानंतर पुन्हा १२ तास विश्रांती. टाकीतली शाई खालच्या खुणेच्या खाली कधीच जाऊ देऊ नका, याचंही कारण तेच.

हेड मुळात सुकलं कशामुळे, हे जास्त महत्त्वाचं. प्रिंटर स्वतःच्या बटणाने बंद केला की हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि नोझल झाकल्या जातात. भिंतीवरचा स्विच थेट पाडला, किंवा छपाई चालू असताना लाइट गेली, तर हेड वाटेत उघडं राहतं. विदर्भातल्या मे महिन्यात त्याला सुकायला फार दिवस लागत नाहीत. म्हणून आधी प्रिंटरचं बटण, दिवा पूर्ण विझल्यावर भिंतीवरचा स्विच. लाइट जाऊन आली तर प्रिंटर एकदा चालू करून नीट बंद करा. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं छोटं चित्र छापा. त्याला लागणारी शाई एका क्लीनिंगपुढे काहीच नाही. कूलरची हवा प्रिंटरवर थेट येऊ देऊ नका, ती धूळ घेऊन येते.

सिरिंज, स्पिरिट, गरम पाणी असले उपाय इंटरनेटवर भरपूर दिसतील. एप्सनचं हेड यंत्रात कायमचं बसवलेलं असतं. सिरिंजच्या दाबाने ते निकामी झालं तर दुरुस्तीचा खर्च प्रिंटरच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतो.

आणि नोझल चेक स्वच्छ असूनही पट्टे दिसत असतील तर हेड अलाइनमेंट करा, आणि ‘हाय स्पीड’ किंवा ‘बायडायरेक्शनल’ची खूण काढा. मग हेड एकाच दिशेने जाताना छापतं. वेळ दुप्पट लागतो, पट्टे जातात.

पावसाळ्यात फोटो पेपर वाकडा होतो, प्रिंटच्या कडेला काळे फराटे येतात. फ्रेममधला एक फोटो तर काचेला चिकटला.
— एक वाचक, रत्नागिरी

फोटो पेपरच्या लेपाचं कामच ओल शोषण्याचं. कोकणातल्या जुलैत तो शाईची वाट पाहत नाही, हवेतलीच ओल पितो. लेप आणि पाठ वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, म्हणून कागद वळतो. वळलेली कड वर उचलली गेली की धावतं हेड तिला घासतं, फराटे ते. पाकीट फोडल्यावर उरलेले कागद मूळ पिशवीत, ती पिशवी झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या, आणि सगळं आडवं कपाटात. प्रिंटरच्या ट्रेमध्ये फोटो पेपर रात्रभर सोडू नका.

छापण्याआधी कागद सपाट जागी ठेवून पाहा. कड ५ मिलिमीटरपेक्षा जास्त उचलली असेल तर कागद मध्ये धरून उलट बाजूला हलकेच वाकवा. मोडू नका, लेपाला पडलेली चीर छपाईत दिसते. एका वेळी एकच कागद लावा. ड्रायव्हरमध्ये ‘थिक पेपर’ची सोय असेल तर ती चालू करा. फराटे आल्यानंतर दोन-तीन कोरे साधे कागद आतून फिरवा, रोलरला लागलेली शाई निघून जाते.

काचेचं म्हणाल तर डाय शाई ओलीने पुन्हा जिवंत होते. प्रिंट हाताला कोरडा लागला तरी लेपात मुरलेली ओल आणि शाईतली ग्लायकॉलसारखी सावकाश उडणारी द्रव्यं बाहेर पडायला वेळ लागतो. साध्या कागदाने झाकून २४ तास ठेवा, पावसाळ्यात दोन दिवस. फ्रेम करताना काच आणि फोटो यांच्यात जाड पुठ्ठ्याचं माउंट घालून फट ठेवायला सांगा. चिकटलेला फोटो ओढू नका, लेप काचेवरच राहील. मूळ फाइल असेल तर नवा छापणं बरं.

पासपोर्ट साइज फोटो घरी छापतो, पण मोजले की ३५ ऐवजी ३६-३७ मिलिमीटर भरतात.
— एक वाचक, बार्शी

‘बॉर्डरलेस’ चालू असेल. कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून प्रिंटर चित्र किंचित मोठं करतो आणि कागदाबाहेर सांडू देतो. मापाच्या कामात ते बंदच हवं. ‘फिट टु पेज’ही बंद, स्केल १००%, पीडीएफमधून छापत असाल तर ‘अ‍ॅक्चुअल साइज’.

३५ × ४५ मिमीचा फोटो ३०० पिक्सेलच्या हिशेबाने ४१३ × ५३१ पिक्सेल होतो. ४ बाय ६ चा कागद १०२ × १५२ मिमी. चारी बाजूंनी ३ मिमी कड सोडली तर हातात उरतात ९६ × १४६. लांबीत चार फोटो म्हणजे १४० मिमी आणि मध्ये २ मिमीच्या तीन फटी, बरोबर १४६. रुंदीत दोन फोटो ९० मिमी, उरलेल्या ६ मिमीत फट. असे आठ फोटो बसतात. ए-४ वर आडवे पाच, उभे सहा, असे तीस. पहिलं पान साध्या कागदावर छापून पट्टीने मोजा, मगच फोटो पेपर लावा. आणि कापायला कात्री नको; स्टीलची पट्टी आणि कटर.

हॉलमध्ये लावलेले प्रिंट वर्षभरात तांबूस झाले. ऊन तर येत नाही.
— एक वाचक, मडगाव

तांबूसपणा म्हणजे निळी शाई उडाली आणि गुलाबी-पिवळी उरली. ऊन नसलं तरी हवा असते. हवेतल्या ओझोनने डाय शाईचे रेणू मोडतात, आणि सच्छिद्र लेपाचा लवकर वाळणारा कागद त्या हवेला आत वाट देतो. पंख्याखाली उघडा टाचलेला फोटो म्हणूनच कपाटातल्या फोटोपेक्षा फार लवकर जातो. उपाय साधा आहे: काच. फ्रेम मागून टेपने बंद करा, किंवा अल्बमच्या पारदर्शक कप्प्यात ठेवा. चिकट पानांचे अल्बम टाळा. सुट्या स्वस्त शाईने हे आणखी लवकर घडतं. वर्षानुवर्षं भिंतीवर राहायला हवा असा फोटो पिगमेंट शायांच्या मोठ्या प्रिंटरवर किंवा फोटो लॅबमध्ये काढून घ्या. तिथे घरचा डाय इंकजेट स्पर्धेत नाही.

आजोबांचा अडीच बाय साडेतीन इंचाचा कृष्णधवल फोटो मोठा करायचा आहे. घरी छापला तर कधी गुलाबी, कधी हिरवट दिसतो.
— एक वाचक, इंदूर

स्कॅन ६०० डीपीआयने करा, तेही ‘कलर’मध्ये, डाग आणि पिवळेपणा वेगळा काढायला सोपं जातं. अडीच बाय साडेतीनचे १५०० × २१०० पिक्सेल होतात, म्हणजे बरोब्बर ५ बाय ७ चा प्रिंट. त्याहून मोठा केलात तर मूळ कागदाचं रवाळपण वाढेल, आजोबा नाही.

झाक येते कारण करडा रंग तीन शायांच्या तोलावर उभा असतो. ड्रायव्हरमधल्या ‘ग्रेस्केल’ने छापलं आणि काळी शाई त्या कागदावर चालत असेल तर प्रिंटर मुख्यतः तीच वापरतो, झाक कमी होते, पण कपाळावर, पांढऱ्या टोपीवर ठिपके दिसू शकतात. आम्ही तिसरी वाट सुचवू: फोटोला मुद्दामच हलकी तपकिरी छटा द्या आणि रंगीत म्हणून छापा. उबदार छटेत लहानसहान झाक डोळ्याला जाणवत नाही, शिवाय जुन्या फोटोला ती शोभते. कागद मॅट घ्या. ताज्या प्रिंटवरून निर्णय करू नका. दुसऱ्या दिवशी, ट्यूबलाइटखाली नव्हे तर खिडकीजवळ पाहा. एकाच करड्यावर ट्यूबचा उजेड आणि दिवसाचा उजेड वेगळी झाक दाखवतात.

लेझर प्रिंटरचा ग्लॉसी कागद इंकजेटला चालेल? आणि उलट?
— एक वाचक, अकोला

दोन्ही नाही. लेझरच्या ग्लॉसीला शाई शोषणारा लेप नसतो, शाई वर वाहते. उलट प्रकार जास्त महागात पडतो: आरसी कागदातलं प्लॅस्टिक लेझरच्या तापलेल्या रोलरवर वितळून चिकटतं.

बाजारात सब्लिमेशनची शाई मिळते, ती टाकीत भरली तर फोटो जास्त टिकतील असं दुकानदार म्हणतो.
— एक वाचक, सोलापूर

ती शाई कॉफीचे मग आणि टी-शर्ट यांच्यासाठी आहे. विशिष्ट कागदावर छापून हीट प्रेसने तापवल्यावर तिचा खरा रंग खुलतो. फोटो पेपरवर नुसती छापली तर मरगळलेली दिसेल. आणि एकदा टाकीत गेली की नळ्या आणि हेड पूर्ण धुतल्याशिवाय मूळ शाईवर परत येता येत नाही. टाकीत जी शाई आहे तिच्यावर दुसऱ्या जातीची शाई कधीच ओतू नका, रंग तोच असला तरी.